हद्दीच्या खुंट्या : रोलवागच्या कादंबरीत्रयीतील बेरेट

शेतकऱ्यांच्या जगात बांध कोरणारा माणूस चोरापेक्षाही हलका समजला जातो. चोर वस्तू नेतो. बांध कोरणारा शेजारधर्मच नेतो. ओले एडवर्ट रोलवाग या नॉर्वेजियन-अमेरिकन लेखकाच्या 'जायंट्स इन द अर्थ' या कादंबरीत याच जातीचा एक प्रसंग आहे. १८७३ च्या उन्हाळ्यात डकोटाच्या ओसाड माळरानावर नॉर्वेजियन लोकांची चार बिऱ्हाडे नव्याने उतरली आहेत. त्यांपैकी एका घराचा कर्ता पेर हान्सा याला आपल्या मित्रांच्या जमिनीत परक्या नावांच्या खुंट्या रोवलेल्या आढळतात. आपल्याआधी इथे कोणी हक्क सांगून गेले आहे, हे मित्रांना कळले तर ते खचून जातील, या भीतीने तो कोणालाही न सांगता त्या उपटतो आणि जाळून टाकतो. पुढे खुंट्यांचे आयरिश मालक येतात. त्यांच्याजवळ सरकारी कचेरीचा कागद नाही असे निष्पन्न होते आणि संकट टळते. सारी वस्ती पेरच्या धूर्तपणाचे कौतुक करू लागते. एकटी त्याची बायको बेरेट त्या आनंदात सामील होत नाही. आमच्या गावाकडे दुसऱ्याच्या हद्दीची खूण नाहीशी करणे हे महापाप मानीत असत, अशा आशयाचे ती बोलते आणि हास्यविनोद थांबतो.

कागदाच्या दृष्टीने पेर हान्सा निर्दोष ठरला आहे. मग बेरेटला टोचते आहे ते काय? खुंट्या कोणाच्या होत्या हा तिचा प्रश्नच नाही. आपला नवरा अंधारात उठून ते काम करून आला, आणि आता सर्वजण त्याला शहाणपण म्हणत आहेत, हे तिला सहन होत नाही. हा प्रसंग मी आरंभीच सांगितला याचे कारण असे की, माझ्या मते या संपूर्ण कादंबरीत्रयीची किल्ली त्यात आहे. मात्र ती किल्ली तिसऱ्या भागाच्या अखेरीस लागते; आणि बहुतेक वाचक तिथवर जातच नाहीत. पहिला भाग गाजला, पुढचे दोन मागे पडले. त्यामुळे बेरेट म्हणजे एका धाडसी पुरुषाची भित्री, धर्मवेडी, मनाने ढासळलेली बायको अशी तिची ओळख रूढ झाली. तिन्ही भाग सलग वाचणाऱ्याला दिसणारी बेरेट निराळी आहे. पेर हान्साने जमीन मोडली. पण ती कसली, वाढवली आणि पुढच्या पिढीच्या हाती दिली ती बेरेटने. या कादंबऱ्यांतला खरा शेतकरी ती आहे, आणि तिची शोकांतिकाही शेतकऱ्याचीच, म्हणजे वारशाची आहे.

आधी लेखकाविषयी थोडे. रोलवागचा जन्म २२ एप्रिल १८७६ रोजी उत्तर नॉर्वेतील डोना या बेटावर, मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबात झाला. तरुणपणी तोही लोफोटेनच्या हिवाळी मासेमारीला जात असे. १८९३ च्या वादळात तिथे अनेक कोळी बुडाले. त्या धक्क्यानंतर तीन वर्षांनी, १८९६ साली, तो साउथ डकोटात आपल्या चुलत्याकडे आला आणि शेतमजूर म्हणून राबू लागला. पुढे शिकला आणि १९०६ पासून मिनेसोटातील नॉर्थफील्डच्या सेंट ओलाफ या लूथरपंथीय महाविद्यालयात नॉर्वेजियन भाषा व साहित्य शिकवू लागला. योहान बोयर हा नॉर्वेतील प्रसिद्ध कादंबरीकार स्थलांतरितांवर लिहितो आहे हे कानी येताच, आपल्या लोकांची कथा बाहेरच्याने सांगण्याआधी आपण सांगावी, या ईर्षेने त्याने रजा घेतली व लेखनास बसला. त्यातून १९२४ व १९२५ साली दोन खंड नॉर्वेतच, नॉर्वेजियनमध्ये प्रसिद्ध झाले. त्या दोहोंचे मिळून १९२७ साली 'जायंट्स इन द अर्थ' हे इंग्रजी रूप निघाले. भाषांतर लिंकन कोलकॉर्ड व स्वतः लेखक यांनी मिळून केले. त्यानंतर 'पेडर व्हिक्टोरियस' १९२९ मध्ये आणि 'देअर फादर्स गॉड' १९३१ मध्ये इंग्रजीत आली. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला रोलवाग वारला. म्हणजे ही अमेरिकन माळरानाची कादंबरी मुळात अमेरिकेतल्या परभाषेत लिहिली गेली, आणि तिचा पहिला प्रकाशक समुद्रापलीकडचा होता. ही गोष्ट केवळ चरित्राची नाही. कादंबरीचा विषयच तो आहे.

बेरेटचा धर्म समजल्याशिवाय बेरेट समजत नाही. एकोणिसाव्या शतकातील नॉर्वेत लूथरपंथ हा राज्याचा धर्म होता. पाळक हा सरकारने नेमलेला अधिकारी असे. प्रत्येक मुलाला लूथरची लघु प्रश्नोत्तरी पाठ करावी लागे, आणि पाळकासमोर परीक्षा देऊन दृढीकरणविधी झाला म्हणजे ते मूल मोठे झाले असे गाव मानी. चर्चचा मनोरा, त्याभोवतीचे कबरस्तान, घराघरांतले स्तोत्रांचे पुस्तक या सर्वांनी मिळून माणसाला हद्द आखून दिलेली असे. आपण कोण, कोणाचे, कुठे पुरले जाणार, हे त्याला ठाऊक असे. अमेरिकेत राज्याचा धर्म नव्हता. १८६२ च्या कायद्याने पाच वर्षे राहून कसणाऱ्याला एकशे साठ एकर जमीन मिळे. पाळक मात्र मिळत नसे. तो लोकांनी स्वतः वर्गणी करून, पत्रे लिहून, वाट पाहून आणावा लागे. डकोटाच्या माळावर तर लपायला झाडसुद्धा नव्हते. सर्व बाजूंनी सारखेच गवत आणि वर आभाळ. बेरेटला पहिल्या दिवसापासून भेडसावते ते हे बिनहद्दीचे जग. इथे माणूस माणूस राहणार नाही, पशू होईल, असे तिला वाटते. आणि नवऱ्याच्या हातची ती खुंट्यांची राख पाहून आपली भीती खरी ठरते आहे अशी तिची खात्री पटते.

तिच्या मनात आणखी एक शल्य आहे. पेर हान्सावरच्या प्रेमापोटी तिने आईबापांची मर्जी मोडली होती, आणि पहिले मूल लग्नाआधीच पोटात होते. नवऱ्यामागून समुद्र ओलांडून येणे हेही तिला त्याच पापाचे पुढचे पाऊल वाटते. त्या वर्षीच्या नाताळात तिला मुलगा होतो. बाळंतपण जिवावर बेतलेले असते आणि पाळक तर शंभर कोसांत नाही. तेव्हा शेजारी हान्स ओल्सा हाच बाळाला बाप्तिस्मा देतो. लूथरपंथात अशा आणीबाणीत साध्या श्रद्धावंताने दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य असतो. बाप हौसेने मुलाचे नाव ठेवतो पेडर व्हिक्टोरियस, म्हणजे विजयी पेडर. या ओसाडीत कसला विजय, असे म्हणून बेरेट त्या नावाने शहारते. पुढे टोळधाड येते. आकाश काळवंडते, उभे पीक डोळ्यांदेखत फस्त होते. पेर घरी परततो तेव्हा बेरेट मुलांना घेऊन आपल्या पणज्याच्या जुन्या पेटाऱ्यात शिरून बसलेली असते. त्या माळावर तिच्या मालकीची, चार भिंती असलेली, ओळखीची जागा ती एवढीच.

याच पेटाऱ्याचे पुढे काय होते ते पाहण्यासारखे आहे. एक फिरता पाळक वस्तीवर येतो. मातीच्या त्या झोपडीत वेदी नाही. तेव्हा तोच पेटारा वेदी म्हणून मांडून त्यावर प्रभुभोजनाचा विधी होतो. ज्यात ती भयाने लपली होती, तेच तिच्या देवाचे आसन होते. इथून बेरेट सावरू लागते. रोलवागने या प्रसंगावर कसलेही भाष्य केलेले नाही, आणि तेच योग्य झाले. लेखकाची सर्वांत मोठी शक्ती अशा वस्तूंत आहे. पेटारा, खुंट्या, मातीची भिंत, बर्फाखालून अकस्मात उगवलेला गहू, अशा वस्तू तो सांगतो आणि बाजूला होतो.

पहिल्या भागाचा शेवट पुष्कळ वादग्रस्त ठरला. १८८०-८१ चा तो कुप्रसिद्ध हिवाळा ऑक्टोबरातच सुरू झाला आणि बर्फ थांबेना. हान्स ओल्सा थंडीने पछाडून मरणाला टेकतो. त्याला मरणापूर्वी पाळक भेटावा असा बेरेटचा आग्रह आहे; मरणाऱ्याची आणि त्याच्या बायकोचीही तीच इच्छा आहे. अशा वादळात जाणे म्हणजे मृत्यू, हे पेरला ठाऊक आहे. तरी तो पायांना स्की बांधून निघतो. मे महिन्यात त्याचे शव गवताच्या गंजीला टेकून बसलेले आढळते. डोळे पश्चिमेकडे लागलेले. बेरेटच्या धर्मवेडाने पेरचा बळी घेतला, असा निवाडा पुष्कळ वाचकांनी दिला आहे. तो मला अपुरा वाटतो. मित्राच्या आत्म्याविषयी वाटणारी काळजी त्या वस्तीत एकट्या बेरेटची नव्हती. तो त्या सर्वांचा सामाईक विश्वास होता. फरक इतकाच की इतर लोक तो सणासुदीला आठवत, आणि बेरेट तो शब्दशः मानी. धर्म शब्दशः मानणाऱ्याची किंमत घरच्यांना द्यावी लागते, हे रोलवागने लपवलेले नाही. पण त्याने बेरेटला खलनायिकाही केलेले नाही. पहिल्या भागाच्या शेवटच्या पानावर तो पेरला बर्फात बसवतो, आणि दुसऱ्या भागाच्या आरंभी त्याच्या पश्चात उरलेल्या विधवेच्या हाती नांगर देतो.

'पेडर व्हिक्टोरियस' वाचताना प्रथम जाणवते ते हे की, बेरेट उत्तम शेतकरी आहे. कायद्याने विधवेला जमीन स्वतःच्या नावे ठेवता येत होती. परत नॉर्वेला जाण्याची तिची एके काळची ओढ तिने मनाशीच पुरली आहे. थोरले मुलगे हाताशी घेऊन ती पेरणी, कापणी, गुरे, देणीघेणी सर्व सांभाळते. नवऱ्याने मनात रचून ठेवलेला मोठा गोठा तीच उभा करते. एके काळी या जमिनीला भिणारी बाई आता तिच्या ढेकळाढेकळाला ओळखते. इथे रोलवागने जे साधले आहे ते सोपे नाही. तिचे भय गेले म्हणून ती शेतकरी झाली, असे त्याने दाखवलेले नाही. तेच भय तिने कामात जुंपले. पहाटे उठणे, ऋण न ठेवणे, मजुराला वेळेवर मोबदला देणे, रविवार पाळणे या शिस्तीत तिचा धर्म आणि तिची शेती एकजीव झाली आहेत. पेर हान्सासाठी जमीन हे स्वप्न होते. बेरेटसाठी ती जबाबदारी आहे, आणि स्वप्नापेक्षा जबाबदारी जास्त टिकते.

शेताची हद्द अशी पक्की होत असताना घराची हद्द मात्र सुटत जाते. मुले शाळेतून इंग्रजी घेऊन येतात. बेरेट नॉर्वेजियनमध्ये विचारते, पेडर इंग्रजीत उत्तर देतो. आईला त्यात उद्धटपणा दिसतो. मुलाला ती भाषा म्हणजे नुसती सोय आणि समवयस्कांत मिसळण्याचा परवाना वाटते. बेरेटच्या लेखी भाषा आणि देव हे दोन नाहीतच. प्रश्नोत्तरी ज्या शब्दांत पाठ केली, ज्या शब्दांत आईने अंगाई गायली, त्या शब्दांतच प्रार्थना ऐकू जाते. मुलाची भाषा बदलली की त्याचा देव बदलेल, अशी तिची धारणा आहे. तिची ही धारणा चुकीची आहे असे आपण सहज म्हणू. पण कादंबरी वाचताना ते म्हणणे जड जाते. कारण पेडरच्या बाबतीत ती धारणा पुष्कळशी खरी ठरते. भाषेबरोबर त्याची श्रद्धा पातळ होत जाते, आणि तिच्या जागी नवे असे काहीच उभे राहत नाही.

हे लिहिताना रोलवागच्या मागे ताजा अनुभव होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात परभाषांविरुद्ध अमेरिकेत मोठी लाट उठली. मे १९१८ मध्ये शेजारच्या आयोवा राज्याच्या गव्हर्नराने तर सार्वजनिक ठिकाणी, शाळांत, टेलिफोनवर आणि प्रार्थनेतही इंग्रजीखेरीज दुसरी भाषा वापरू नये असा जाहीरनामा काढला. घरातल्या देवाशी कोणत्या भाषेत बोलावे हे गव्हर्नराने ठरवावे, अशी ती वेळ होती. १९२२ साली रोलवागने पूर्वजांच्या वारशावर निबंधांचे एक पुस्तक लिहिले. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या नॉर्वेजियन-अमेरिकन इतिहास संस्थेचा तो पहिला चिटणीस होता. म्हणजे बेरेटच्या बाजूने बोलणे हे त्याचे आयुष्यभराचे काम होते. अशा लेखकाने बेरेटची मूर्ती घडवली असती तर नवल नव्हते. त्याने तिचा खटला चालवला आणि तिच्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा स्वतःच मांडला, हे त्याचे मोठेपण.

तो पुरावा असा. पेडर तरुण होतो आणि सूझी डोहेनी या आयरिश कॅथलिक मुलीच्या प्रेमात पडतो. ज्यांच्या खुंट्या पेरने जाळल्या ते लोकही आयरिशच होते, ही आठवण वाचकाला चुकवता येत नाही. शाळेच्या खोलीत नाटकाची तालीम चालू असताना आपला मुलगा आणि ती मुलगी बेरेटच्या दृष्टीस पडतात. त्या रात्री ती शाळेची इमारत पेटवायला निघते. पण मृत पेर तिला दिसतो आणि मुलांना आपल्या मार्गाने जाऊ दे असे सांगतो. ती घरी परतते, आणि डोहेनींकडे मागणी घालायला जाण्यासाठी मुलाला तयार हो म्हणते. आयुष्यभर न झुकलेली ही बाई इथे झुकते, आणि तेही उघडपणे, सर्वांदेखत. माझ्या मते दुसऱ्या भागातील ही तिची सर्वांत उंच जागा. दुसऱ्याच्या हद्दीचा मान राखणे म्हणजे काय, हे तिने नवऱ्याला शिकवले होते. इथे ते तिने स्वतः केले.

पण तिसऱ्या भागात काय होते? १८९४ च्या दुष्काळाने माळ करपतो. पेडर आणि सूझी यांच्या घरात रोज नवी चकमक उडते. आणि त्या घराच्या एका कोपऱ्यात म्हातारी होत चाललेली बेरेट नातवाकडे पाहत बसते. मुलगा धर्माविषयी बेफिकीर, सून कॅथलिक, आणि नातवाचा बाप्तिस्मा कोणत्या चर्चमध्ये करायचा यावर एकमत नाही. बिनबाप्तिस्म्याचे मूल दगावले तर, या विचाराने बेरेटला झोप लागत नाही. अखेर हान्स ओल्साची बायको होती त्या सोरिनेच्या साथीने ती नातवाचा गुपचूप लूथरपंथी बाप्तिस्मा उरकते. तिकडे सूझीही नवऱ्याला न सांगता मुलाचा कॅथलिक बाप्तिस्मा करवून घेते. एकच मूल, दोन बाप्तिस्मे, दोन नावे, आणि दोन्ही चोरून. बाप्तिस्मा एकदाच होतो, तो पुन्हा करायचा नसतो, हे दोन्ही चर्चना मान्य आहे. तरी दोन्ही बाजूंच्या प्रेमळ बायका त्या एका गोष्टीला दोनदा कुलूप लावतात. मरताना बेरेट आपले कृत्य कबूल करते. तो कबुलीजबाब तिच्या जिवाला हलका करतो आणि मुलाच्या संसाराला तडा देतो. कादंबरीच्या शेवटी पेडर रागाच्या भरात सूझीची धर्मचिन्हे मोडतो, आणि ती मुलाला घेऊन निघून जाते.

आता आरंभीच्या खुंट्या आठवाव्यात. दुसऱ्याच्या हद्दीची खूण रात्रीच्या अंधारात उपटणे हे पाप आहे, असे ज्या बेरेटने सांगितले, तिनेच शेवटी सुनेच्या हद्दीतली खूण अंधारात बदलली. पेरचा हेतू मित्रांना वाचवण्याचा होता, बेरेटचा नातवाला वाचवण्याचा. दोघांचे प्रेम खरे. कायद्याने किंवा धर्मशास्त्राने दोघेही कदाचित निर्दोष सुटतील. तरीही दोघांनी जे केले ते सांगता न येण्यासारखे होते, आणि सांगता न येणारे काम केले की ते घरात विषासारखे मुरते. आणखी एक तुलना करण्यासारखी आहे. पेडरचा बाप्तिस्मा हान्स ओल्साने केला तोही पाळकाशिवायच. पण तो सगळ्यांसमोर झाला, सगळ्यांच्या भीतीतून आणि सगळ्यांच्या आनंदात. पेडरच्या मुलाच्या बाप्तिस्म्यात हान्स ओल्साची सोरिने आहे, पाणी आहे, शब्द आहेत. नाहीत ती फक्त त्या मुलाची आईबापे. विधी तोच, पण एक वारसा झाला आणि दुसरी चोरी. रोलवागने हे समांतर जाणून रचले की नकळत आले, या प्रश्नात मी शिरत नाही. ते कादंबऱ्यांत आहे, आणि ते पाहिल्यावर बेरेटला निव्वळ धर्मवेडी किंवा निव्वळ सती म्हणणे अशक्य होते.

या कादंबऱ्यांचे दोषही सांगितले पाहिजेत. तिसरा भाग पहिल्याच्या तोडीचा नाही. पाळकाच्या तोंडून वंश, इतिहास आणि परंपरा यांवर जी लांबलचक प्रवचने येतात, त्यांत कादंबरीकार मागे सरतो आणि प्राध्यापक बोलू लागतो. पेटाऱ्याबद्दल मौन पाळणारा तो लेखक इथे कुठे गेला, असे वाटते. सूझीच्या श्रद्धेचे चित्रणही उणे पडले आहे. बेरेटच्या भीतीची मुळे आपल्याला तीन पिढ्या मागे नेऊन दाखवली जातात. सूझीची जपमाळ मात्र नुसतीच जपमाळ राहते. तिच्याही पणजीचा एखादा पेटारा असणार, हे लेखकाला दिसत नाही. त्याहून मोठी उणीव जमिनीबाबतची आहे. पेर हान्साच्या जमिनीवरच्या टेकडीवर एका मूळ रहिवाशाची कबर आहे. तीही हद्दीचीच खूण, आणि सर्वांत जुनी. पहिल्या भागात तिचा सावट असलेला उल्लेख येतो, एका आजारी इंडियनाची पेर शुश्रूषाही करतो; पण ही भूमी डकोटा लोकांकडून कशी गेली, हा प्रश्न कादंबरी पूर्ण ताकदीने कधीच विचारीत नाही. खुंट्यांवरून एवढे नैतिक मंथन करणाऱ्या लेखकाने ही खुंटी न पाहिल्यासारखी केली, हे आजच्या वाचकाला खटकल्यावाचून राहत नाही.

भाषांतराविषयीही एक शब्द. मूळ संवाद नॉर्लंडच्या कोळ्यांच्या बोलीत आहेत, आणि वर्षे सरतात तसतसे त्या बोलीत इंग्रजी शब्द घुसत जातात. कुंपण, तारण, यंत्र, निवडणूक यांच्या जगाचे शब्द आधी येतात. देव, आई आणि मरण यांचे शब्द शेवटपर्यंत जुने राहतात. इंग्रजी आवृत्तीत साहजिकच दोन्ही भाषा एक होतात आणि ही हळूहळू होणारी झीज अदृश्य होते. बेरेट इंग्रजीतून आक्रंदते की इंग्रजी नको, हा विरोधाभास भाषांतरात अटळ आहे. ज्यांच्या घरात बाजारहाटाची भाषा एक आणि देवघराची दुसरी आहे, अशा वाचकाला मात्र ती झीज भाषांतरातूनही ऐकू येते.

आणि आपण असेच वाचक आहोत. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद किंवा बेळगाव येथे पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या घरांना बेरेटची चिंता परकी नाही. आपले पूर्वज बहुधा दरबाराच्या आश्रयाने आले, माळ मोडून नव्हे. आपल्यावर कोणी जाहीरनामा काढला नाही. तरी नातवंडे आपल्याला परभाषेत उत्तर देतात तेव्हा छातीत जे हलते, ते बेरेटला ठाऊक होते. अशा वेळी दोन मोह होतात. एक, सगळे सोडून देण्याचा. दुसरा, सुनेच्या किंवा जावयाच्या नकळत, प्रेमाच्या नावाखाली, मुलाच्या कानात आपलेच नाव सांगून ठेवण्याचा. पहिल्या मोहाविरुद्ध रोलवाग आयुष्यभर लिहीत आणि बोलत राहिला. दुसऱ्याविरुद्ध त्याने बेरेट लिहिली.

बेरेटचे आयुष्य विजयी होते की नाही, हे मला सांगता येत नाही. तिने कसलेले शेत उरते. तिने जपलेली भाषा त्या घरात उरत नाही. रोलवागच्या स्वतःच्या घरी असे झाले की, त्याचा मुलगा कार्ल १९६३ ते १९६७ या काळात मिनेसोटाचा गव्हर्नर होता. ज्या मुलाच्या बापाने एका शेजारी गव्हर्नराच्या हुकुमाची झळ पाहिली, तोच एका राज्याचा गव्हर्नर झाला. वारसा नेहमी असाच जातो. आपण पेरतो एक, आणि उगवते ते त्याच बियाण्याचे असूनही आपल्या ओळखीचे नसते. बेरेटला हे उमगले होते, एकदाच, त्या रात्री, जेव्हा ती शाळा न पेटवता घरी परतली आणि मुलाला तयार हो म्हणाली. उघड्या दाराने आत आलेले परके माणूसही घरचे होऊ शकते, हे त्या एका रात्री तिला दिसले होते. नंतर तिने नातवाच्या काळजीने तेच दार आतून लावून घेतले. तिच्यावर रागावणे सोपे आहे. पण पुस्तक मिटल्यावर राग उरत नाही. डोळ्यांपुढे राहतो तो पणज्याचा पेटारा, जो लपण्यासाठीही वापरता आला आणि वेदी म्हणूनही.